आधी बी कापा, मग दर बोला

मार्च लागला की आमच्या कारखान्याच्या दारात काजू बीचे टेम्पो यायला लागतात. वेंगुर्ल्याच्या आजूबाजूचे बागायतदार गाडीतून उतरायच्या आधीच विचारतात, "वयनी, औंदा दर काय?" माझं उत्तर बावीस वर्षं तेच आहे. आधी बी कापू, मग दर बोलू.

पोत्याच्या तोंडाशी असलेली बी घ्यायची नाही, ती दाखवण्यासाठीच वर ठेवलेली असते. हात कोपरापर्यंत आत घालून मधली आणि तळाची बी काढायची. एक किलो वजन करायची आणि मोजायची. वेंगुर्ला-७ ही जात असेल तर किलोत शंभराच्या आसपास भरते, कारण तिची एक बी दहा ग्रॅमच्या जवळ जाते. गावठी बारीक बी असेल तर आकडा पार वर जातो. मग सगळी बी कटरवर दुभागायची आणि गर वेगळा करायचा. भरलेला एका बाजूला. सुरकुतलेला, काळा पडलेला, किडका दुसऱ्या बाजूला. चांगल्या गराचं वजन किलोला अडीचशे ग्रॅमच्या खाली आलं की दर उतरतो. माणूस कितीही ओळखीचा असो, अगदी नवऱ्याचा चुलतभाऊ असला तरी कापतेच.

आणि याच बाईने जानेवारी २०१८ मध्ये एका कंपनीचे दीड लाखाचे शेअर न कापता घेतले.

तेव्हा मला शेअरच्या भावाचा चार्ट कळायला लागलाय असं नुकतंच वाटायला लागलं होतं. शेतीला लागणारा माल विकणारी ती एक छोटी कंपनी होती. वर्षभर तीनशेच्या खाली घुटमळणारा भाव एका दिवशी मोठ्या व्हॉल्यूमसकट, म्हणजे भरपूर खरेदी-विक्रीसकट, वर निसटला. मी ३१२ ला पाचशे घेतले. महिन्याभरात भाव २५० वर. चार्ट बघून घेतलेली वस्तू चार्ट बिघडला तेव्हाच सोडायची होती. त्याऐवजी मी पहिल्यांदा तिचा वार्षिक अहवाल उघडला, नफा दरवर्षी वाढतोय एवढंच बघितलं आणि स्वतःची समजूत काढली, "कंपनी चांगली आहे, आपल्याला कुठे उद्या विकायचाय?" २१० ला आणखी तीनशे घेतले. पुढे रोज सकाळी लोअर सर्किट, म्हणजे दिवसभरात भाव ज्याच्या खाली जाऊ देत नाहीत ती हद्द, विकायला रांग आणि घेणारा कोणी नाही. सुटले तेव्हा भाव ९४. एक लाख त्रेचाळीस हजार आठशे रुपये गेले. ही रक्कम मला तोंडपाठ आहे.

नंतर निवांत बसून त्या कंपनीचे पाच वर्षांचे आकडे बी कापावी तसे कापले. पाच वर्षांचा मिळून नफा १४० कोटी. त्याच पाच वर्षांत धंद्यातून खरोखर हातात आलेली रोकड २२ कोटी. बाकीचा नफा डीलरांकडे उधारीत पडलेला. माल विकल्यावर पैसे यायला सरासरी १८० दिवस. मी कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला एकवीस दिवसांच्या वर उधार देत नाही, बाविसाव्या दिवशी फोन करते. आणि सहा महिने उधारीवर चालणाऱ्या कंपनीत मी मालकीण म्हणून पैसे घातले होते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली, ती इथे सांगते. तिचा गाभा एवढाच की दोन प्रश्न वेगळे ठेवायचे. वस्तू काय आहे आणि तिला किती मोल द्यावं, हे फंडामेंटल, म्हणजे कंपनीचे आकडे, सांगतं. बाकीचे लोक आत्ता तिचं काय करताहेत आणि आपण चुकलो हे कुठल्या भावाला कबूल करायचं, हे टेक्निकल, म्हणजे भावाचा चार्ट, सांगतं. घेताना चार्ट आणि अडकल्यावर ताळेबंद, असं केलं की माझं झालं तसं होतं. मी बघितलेले निम्मे तोटे याच जातीचे आहेत.

पैसा कुठला घालायचा

हे थोडक्यात. कॅश क्रेडिटमधला, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचललेला, नाही, मुलांच्या फीचा नाही, पाच वर्षं हात लावावा लागणार नाही एवढाच. माझ्या बाबतीत तर मार्च ते मे सगळी रोकड बीमध्ये जाते, कारण वर्षभराची बी याच तीन महिन्यांत घ्यावी लागते. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला, सकाळी दहा टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार पाऊण तास बंद होते. त्या दिवशी मी गोदामात उभी राहून, रस्त्यात अडकलेल्या गाड्यांसाठी फोन करत होते. आयुष्यात एकदा लागणारा सेल लागला होता आणि माझी सगळी लक्ष्मी पोत्यांत. हळहळ वाटते. पण बीचे पैसे तिकडे घातले असते तर कारखाना बंद पडला असता, तेव्हा बरोबरच झालं.

कापणी

कंपनीच्या वेबसाइटवर किंवा एनएसई-बीएसई या शेअर बाजारांच्या पानावर वार्षिक अहवाल फुकट मिळतो. तो मी मागून वाचते. पुढची चकचकीत पानं म्हणजे पोत्याच्या तोंडाची बी.

पहिलं उघडायचं ते रोकड प्रवाहाचं पान, कॅश फ्लो स्टेटमेंट. त्यात "ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज"मधून आलेली रोकड हा आकडा असतो. एका वर्षाचा घेऊन उपयोग नाही, कारण हंगामाने तो वरखाली होतो. पाच वर्षांचा, मिळाला तर दहा वर्षांचा, बेरजेने घ्यायचा आणि शेजारी तेवढ्याच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज ठेवायची. दोन्ही जवळपास असतील, किंवा रोकड जास्त असेल, तर पुढे वाचायचं. रोकड नफ्याच्या निम्म्याहून कमी असेल तर मी अहवाल बंद करते. जोरात वाढणाऱ्या चांगल्या कंपन्याही कधी कधी यात गळतात हे मला माहीत आहे. गळू देत. कापताना दोन चांगल्या बिया फुकट जातातच.

दुसरं, उधारी आणि साठा. येणे रक्कम भागिले वर्षाची विक्री, गुणिले ३६५. उधारीचे दिवस मिळतात. साठ्याचंही तसंच काढायचं. एकच आकडा बघून काही कळत नाही, चार-पाच वर्षं ओळीने लिहून काढा. ४५, ४८, ६१, ८३ असं चढत असेल तर विक्री वाढलेली दिसते ती डीलरच्या गळ्यात माल मारून वाढलेली असू शकते.

इथे धंद्यात असलेल्या माणसाला एक गोष्ट चटकन दिसते, ती सांगते. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चच्या एका दिवसाचा फोटो. माझा ३१ मार्चचा ताळेबंद बघितला तर गोदाम अर्धं भरलेलं, बँकेचं कर्ज बेताचं. तोच ३१ मेला काढला तर गोदाम छपरापर्यंत आणि कर्ज नाकापर्यंत. बाई तीच, धंदा तोच. एसी बनवणाऱ्या कंपनीची गोदामं मार्चअखेर उन्हाळ्यासाठी भरलेली असतात. साखर कारखान्याकडे मार्चमध्ये हंगामाची साखर पडून असते. म्हणून मी सप्टेंबरचाही ताळेबंद बघते. दुसऱ्या तिमाहीच्या निकालाबरोबर कंपन्यांना तो द्यावा लागतो, सहा महिन्यांच्या रोकड प्रवाहासकट. फार कमी लोक तो उघडतात. मार्च आणि सप्टेंबर, दोन्ही दिवशी कर्ज कमी दिसलं तर ते खरोखर कमी.

तिसरं, कर्ज आणि त्याचं व्याज. व्याज आणि कर भरायच्या आधीचा नफा व्याजाच्या किमान चौपट तरी हवा, ही माझी स्वतःची रेघ. त्याच नफ्याला धंद्यात गुंतलेल्या एकूण भांडवलाने, म्हणजे मालकाचे पैसे अधिक कर्ज याने, भागलं की परताव्याचा टक्का येतो. त्याला आरओसीई म्हणतात. बँक मला ज्या दराने कर्ज देते त्याच्याही खाली हा टक्का असलेली कंपनी मी कशाला घेऊ? चांगल्या काळात आणि वाईट काळात मिळून सरासरी १५ टक्क्यांच्या वर असला तर मला बरं वाटतं.

चौथं, मालक कसा आहे. तिमाही संपल्यावर एकवीस दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न एक्स्चेंजवर येतो. प्रवर्तकांचा वाटा किती, तो घटतोय का, आणि त्यातले किती शेअर गहाण आहेत ते त्यात दिसतं. गहाण हा शब्द कोकणात काय अर्थाने घेतात ते वेगळं सांगायला नको. भाव पडला की सावकार ते शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. मोठा गहाणाचा आकडा दिसला की मी थांबते. मग ऑडिटरचा अहवाल आणि त्याचं परिशिष्ट: सरकारी देणी थकली आहेत का, कर्जाचे हप्ते चुकले आहेत का, मालाची मोजणी झाली का. शेवटी "रिलेटेड पार्टी" व्यवहार. कंपनी मालकाच्या मेहुण्याच्या फर्मकडून माल घेते, मालकिणीच्या जागेचं भाडं भरते, भावाच्या कंपनीला बिनव्याजी उसने देते, हे सगळं तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मी भिंग घेऊन बसते. खरंच भिंग, गराची ग्रेड बघायला ठेवलेलं.

एवढं झाल्यावर मग दर. प्रति शेअर नफा १२ रुपये आणि भाव २४० असेल तर पी-ई २०. आता २० स्वस्त की महाग? याला एकटं उत्तर नाही. त्याच कंपनीला गेल्या दहा वर्षांत बाजाराने काय पी-ई दिला, आणि त्याच धंद्यातल्या दुसऱ्यांना काय देतोय, हे शेजारी ठेवून बघायचं.

पी-ईचा एक सापळा मात्र नीट समजून घ्या. काजूत एखादं वर्ष असं येतं की बी स्वस्त मिळते आणि हंगाम संपल्यावर गराचा भाव चढतो. त्या वर्षी आमचा नफा दुप्पट होतो. त्या वर्षाचा नफा धरून कोणी आमच्या कारखान्याची किंमत काढली तर त्याला कारखाना अगदी स्वस्त वाटेल, आणि तो फसेल. पोलाद, साखर, रसायनं, कागद, सगळ्यांत हेच. नफा शिखरावर असतो तेव्हा पी-ई कमी दिसतो, नफा तळाला असतो तेव्हा पी-ई भयंकर दिसतो. अशा धंद्यांत सात-आठ वर्षांच्या सरासरी नफ्यावर दर काढावा, नाहीतर त्या वाटेला जाऊ नये.

बँका आणि फायनान्स कंपन्यांना ही कापणी लागू पडत नाही. त्यांचा कच्चा मालच कर्ज आहे, तिथे थकीत कर्जं, ठेवींचा खर्च असं वेगळं बघावं लागतं. मी त्यात एकेकट्या घेत नाही. निफ्टीच्या इंडेक्स फंडात बँका भरपूर असतात, माझ्या वाट्याला तेवढ्या पुरतात.

वाळूतल्या काठ्या

आता चार्ट. मी तो सागरेश्वरच्या किनाऱ्यावर शिकले असं म्हटलं तर हसाल, पण चार्टवाल्यांचा मूळपुरुष चार्ल्स डाऊ यानेही हेच उदाहरण दिलं होतं. वॉल स्ट्रीट जर्नल काढणाऱ्यांपैकी हा एक. भरतीचं पाणी कुठवर चढणार हे ज्याला बघायचंय तो लाट पोचेल तिथे वाळूत काठी रोवतो, पुढची लाट त्याच्या वर गेली की काठी वर हलवतो. लाटा काठीपर्यंत पोचेनाशा झाल्या आणि मागे हटायला लागल्या की भरती फिरली हे कळतं. हे त्याने १९०१ साली शेअर बाजाराबद्दल लिहिलं.

माझा भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला होता, त्याला घेऊन मी हा प्रयोग केला. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, म्हणजे उधाण. सुरूच्या वाळक्या काठ्या घेऊन आम्ही उभे. पाणी खरं तर ओहोटीला लागलं होतं. दोन काठ्या कोरड्या पडल्या, आणि तेवढ्यात कुठूनशी एक दांडगी लाट आली ती सगळ्या काठ्या ओलांडून आमच्या चपलांपर्यंत. "मावशी, भरती लागली!" म्हणून पोरगं ओरडलं. पुढच्या सहा-सात लाटा पहिल्या काठीच्याही खाली थांबल्या. मी त्याला म्हटलं, ही जी लाट होती ना, ती माझी ३१२ ची लाट.

एवढ्यातच चार्टचा मोठा भाग येतो. भावाची शिखरं आणि तळ बघायचे. प्रत्येक नवं शिखर आधीच्या वर आणि प्रत्येक नवा तळही आधीच्या वर, तर भरती. उलट असेल तर ओहोटी. दोन्ही धड नसेल तर अष्टमीच्या भांगासारखं, म्हणजे उधाणाच्या उलट, पाणी धड चढत नाही धड उतरत नाही, आणि अशा वेळी मी काही करत नाही. एका लाटेवर निकाल द्यायचा नाही. म्हणून मी रोजचा चार्ट न बघता आठवड्याचा बघते आणि शुक्रवारचा बंद भाव धरते. आठवड्यात मध्येच भाव कुठे उसळून आला त्याला माझ्या लेखी किंमत नाही.

चार्टवर मी तीनच गोष्टी काढते. पहिली, दोनशे दिवसांची सरासरी. आठवड्याच्या चार्टवर चाळीस आठवड्यांची घेतली की जवळपास तीच. गेल्या दोनशे दिवसांच्या बंद भावांची सरासरी रोज पुढे सरकत जाते आणि तिची रेघ होते. भाव रेघेच्या वर आणि रेघ स्वतः चढती, तर पाणी आपल्या बाजूचं. ही रेघ उशिरा वळते, तळाचा भाव कधीच देत नाही. तळाला घेणारे शूर लोक वेगळे, मी त्यांच्यातली नाही.

दुसरी, आधार आणि अडथळा. भाव पूर्वी जिथून दोन-तीनदा वर उठला तो आधार, जिथून दोन-तीनदा परतला तो अडथळा. काटेकोर रेघ ओढू नका, पट्टा धरा. २१८ ते २२४ असा. लोकांना जुने भाव आठवतात, "तेव्हा २२० ला सोडला, आता घेईन" म्हणणारे पुष्कळ असतात, म्हणून हे चालतं. यात चमत्कार नाही.

तिसरी, व्हॉल्यूम. अडथळा ओलांडताना व्यवहार नेहमीपेक्षा ठळक वाढलेले हवेत. एनएसईवर डिलिव्हरीचा टक्काही रोज मिळतो, म्हणजे किती शेअर खरोखर घरी नेले आणि किती त्याच दिवशी परत विकले. माझ्या ३१२ च्या दिवशी व्हॉल्यूम मोठं होतं पण डिलिव्हरी पंधरा टक्क्यांच्याही खाली होती. म्हणजे बाजारात गर्दी होती, पिशवी भरून घरी जाणारे थोडे. तेव्हा मला हे बघायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

आरएसआय सगळे विचारतात. भाव किती जोरात चढला-उतरला हे सांगणारा शून्य ते शंभरातला आकडा, ७० च्या वर गेला की फार चढला, ३० च्या खाली आला की फार पडला असं पुस्तकी म्हणणं. जोरदार भरतीत तो आठवडेच्या आठवडे ७० च्या वर राहतो, आणि जो "आता पडणार" म्हणून विकतो तो काठावर बसून बघत राहतो. घाई आवरायला मी तो वापरते: घ्यायचं ठरलेलं असलं आणि आरएसआय ७५ असला तर दोन आठवडे थांबते. बाकीचे पंधरा रंगांचे इंडिकेटर भाच्याच्या फोनवर आहेत, चार्ट दिसत नाही त्यांच्याखाली.

एक खबरदारी. चार्ट बोनस आणि स्प्लिट धरून दुरुस्त केलेला आहे ना ते बघा. नाहीतर एकाचे पाच झाले त्या दिवशी भाव कोसळल्यासारखा दिसतो आणि उगाच पोटात गोळा येतो.

वहीचं पान

कापणीत पास झालेली कंपनी माझ्या यादीत जाते. यादीत पंचवीसपेक्षा जास्त नावं ठेवत नाही. चार्ट मी फक्त या यादीचेच बघते, शनिवारी दुपारी, ग्रेडिंगच्या बायका जेवायला गेल्या की. चार्ट बघून यादीबाहेरचं काही आवडलं तर ते आधी कापणीला जातं, मग यादीत. उलटा रस्ता बंद.

घ्यायचं ठरलं की ऑर्डर टाकायच्या आधी वहीत लिहायचं. समजा भाव २४० आहे, आधाराचा पट्टा २१८ ते २२४. माझी चूक कबूल करायचा भाव, म्हणजे स्टॉप, या पट्ट्याच्या थोडा खाली, २१६. म्हणजे एका शेअरमागे धोका २४ रुपये. बाजारातलं माझं एकूण भांडवल तीन लाख असेल, आणि एका व्यवहारात एक टक्क्यापेक्षा जास्त गमवायचं नाही ही रेघ, तर तीन हजार भागिले चोवीस, १२५ शेअर. रक्कम झाली तीस हजार. किती घ्यायचे हे मनाला विचारायचं नाही, भागाकाराला विचारायचं. २०१८ मध्ये हा भागाकार केला असता तर मी पाचशेच्या जवळपासही गेले नसते.

खाली दोन वाक्यं लिहिते. एक, मी हे का घेतेय. दुसरं, काय झालं तर सोडीन. दुसऱ्यात दोन कारणं लागतात, एक चार्टचं आणि एक धंद्याचं. उदाहरणार्थ: "शुक्रवारी २१६ च्या खाली बंद झाला तर, किंवा उधारीचे दिवस ७० च्या वर गेले तर." दोन्हींपैकी एक जरी झालं तरी बाहेर. धंदा उत्तम आणि भाव २१६ च्या खाली, तरीही बाहेर. पुन्हा पाणी चढलं तर पुन्हा घेता येतं, दुकान बंद होत नाही. ब्रोकरेज आणि विकताना-घेताना ०.१ टक्का एसटीटी हा व्यवहारावरचा कर जातो, तो जाऊ दे. शिक्षणाची फी याहून महाग पडली आहे मला.

निकालाच्या तारखा वहीच्या समासात असतात. तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत निकाल यावा लागतो, वर्षाच्या शेवटचा ६० दिवसांत. निकालाच्या आदल्या आठवड्यात मी नवीन काही घेत नाही. निकालानंतर भाव खाली उघडला तर तुमचा स्टॉप वरच राहतो आणि माल खालच्या भावाला जातो. २१६ लिहिलेलं असलं म्हणजे २१६ मिळेलच असं नाही.

भाचा आता इंजिनिअरिंगला आहे आणि ऑप्शनबद्दल, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांबद्दल, बोलतो. त्याला मी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल वाचायला लावला: २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या दर शंभर व्यक्तींमागे ९३ तोट्यात, आणि एकूण तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. तो म्हणाला, मी उरलेल्या सातांतला. मी गप्प बसले.

हंगामाआधी

विकण्याच्या बाबतीत माझी एक अडचण बहुतेक वाचकांना नसेल: मार्चपासून मेअखेर मला फोन बघायला वेळ नसतो. हाताला टरफलाचं तेल लागलेलं असतं, त्याने कातडी भाजते, फोनला हात लावायची सोय नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी प्रत्येक शेअरची जीटीटी ऑर्डर लावून ठेवते. ठरलेला भाव आला की ती आपोआप विकायला जाते. शुक्रवारच्या बंद भावाचा नियम या तीन महिन्यांत पाळता येत नाही, म्हणून हंगामात स्टॉप थोडा आणखी खाली ठेवते आणि त्या प्रमाणात शेअर आधीच कमी करते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये अशी एक ऑर्डर लागली आणि तरीही शेअर विकले गेले नाहीत. चूक माझीच. डीमॅटमधून, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यातून, शेअर उचलायची परवानगी मी दिलेली नव्हती. एकतर त्या दिवशी टी-पिन आणि ओटीपी टाकून ती द्यावी लागते, नाहीतर एकदाच डीडीपीआयचा कागद सही करून द्यावा लागतो. मेसेज आला तेव्हा मी बी वजन करत होते. संध्याकाळी बघितलं तोवर भाव आणखी अकरा रुपये खाली. मे महिन्यात कुडाळला जाऊन कागद केला. तुमचं झालंय का ते आजच बघा. बोनस किंवा स्प्लिट झाल्यावर बऱ्याच ठिकाणी जीटीटी रद्द होते, ती पुन्हा लावावी लागते, आणि तिला मुदतही असते.

मार्चच्या आधी कराचाही हिशोब उरकते. २३ जुलै २०२४ पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकले तर एका आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, वर सेस. तोटा झाला असेल तर तोही विवरणपत्रात दाखवा आणि ते मुदतीत भरा, म्हणजे तो आठ वर्षं पुढच्या नफ्यातून वजा करता येतो. २०१८ चा माझा तोटा मी असाच थोडा थोडा वसूल केला.

या वर्षी यादीत एकोणीस नावं आहेत, हातात सात कंपन्या. सातही ऑर्डरी लावून झाल्या, वही कपाटात गेली. काल उभादांड्याहून पहिली पोती आली. बी अजून ओलसर आहे, दोन उन्हं द्यावी लागतील, मग कापीन.